शाळेच्या फीवर कर : प्राथमिक शिक्षकाने काय म्हणावे?

(आमगाव येथे तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी आपल्या कामापासून दूरचा वाटण्याचा संभव आहे. खाजगी शाळा पालकांकडून जी फी घेतात, तिच्यावर सरकारने कर बसवावा की बसवू नये, असा हा वाद आहे. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत फी घेतली जात नाही; मग फीवरच्या कराशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु हा संबंध आहे, आणि तो तीन प्रकारचा आहे. आपल्या खेड्यांतून दररोज सकाळी पिवळ्या गाड्या मुलांना तालुक्याच्या गावी घेऊन जातात. ती मुले आपल्याच पटावरून कमी झालेली असतात. असा कर बसलाच, तर त्याचा पैसा सरकारी शाळांसाठी वापरू, असेच सर्वत्र सांगितले जाते. म्हणजे तो आपल्या नावाने गोळा होईल. आणि तिसरी गोष्ट थोडी अडचणीची असली तरी सांगितली पाहिजे. आपल्यापैकी अनेकजण पालक ह्या नात्याने स्वतःच ती फी भरत आहेत. म्हणून ह्या प्रश्नात आपण एकाच वेळी वादी, प्रतिवादी आणि साक्षीदारही आहोत. अशा मनुष्याने आपले मत विशेष काळजीने बनवावे लागते.

प्रथम हा वाद कोठून आला ते पाहू. ब्रिटनमध्ये १९७३ साली मूल्यवर्धित कर सुरू झाला, तेव्हापासून शाळांची फी त्या करातून मुक्त होती. २०२४ साली तेथे मजूर पक्षाचे सरकार अधिकारावर आले आणि त्याने ही सूट काढून घेतली. १ जानेवारी २०२५ पासून तेथील खाजगी शाळांच्या फीवर २० टक्के कर लागू झाला. त्या देशात शंभरातील सहा-सात मुलेच खाजगी शाळांत शिकतात. बाकी सर्वांची शाळा सरकारी खर्चाने चालते, आणि त्या शाळांसाठी ६,५०० नवे शिक्षक नेमू, असे वचन ह्या पक्षाने निवडणुकीच्या वेळी दिले होते.

ह्यावर तेथे मोठा वाद माजला. कराच्या बाजूचे लोक म्हणाले की, चैनीच्या इतर सेवांवर कर आहे. मग ज्या शाळेचे दार श्रीमंतालाच उघडते, तिलाच सूट कशाला? विरुद्ध बाजूचे म्हणाले की, शिक्षण ही चैन नव्हे, आणि खाजगी शाळेत मूल पाठविणारा पालक आपल्या वाटची सरकारी शाळेतील जागा मोकळी करून सरकारचा खर्चच वाचवितो. शिवाय, सगळेच पालक श्रीमंत नसतात. काटकसर करून फी भरणारी कुटुंबे ह्या कराने बाहेर फेकली जातील. कालांतराने सुमारे ३५,००० मुले खाजगी शाळांतून सरकारी शाळांकडे वळतील, असा तेथील सरकारचाच अंदाज होता. प्रकरण न्यायालयात गेले. लंडनच्या उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये पालकांचे व शाळांचे आक्षेप फेटाळले आणि कर कायम राहिला.

उलट उदाहरण ग्रीसचे आहे. आर्थिक संकटात सापडलेल्या त्या देशाने २०१५ साली खाजगी शिक्षणावर २३ टक्के कर जाहीर केला, आणि विरोधापुढे काही महिन्यांतच तो मागे घेतला. न्यूझीलंडमध्ये मात्र खाजगी शाळेच्या फीत वस्तू व सेवा कर समाविष्ट असतो आणि तेथे त्याची सवय झालेली आहे. तात्पर्य, फीवर कर बसविणे ही अशक्य कोटीतली गोष्ट नाही, आणि जगाने सर्वानुमते ठरविलेली गोष्टही नाही. ज्या देशाने त्या देशाच्या परिस्थितीप्रमाणे निर्णय केला. आपणही आपल्या परिस्थितीप्रमाणेच विचार करावयास हवा.

आपल्याकडील परिस्थिती काय आहे? १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर देशभर लागू झाला, तेव्हापासून बालवर्गापासून बारावीपर्यंतच्या शाळांनी आपल्या विद्यार्थ्यांना दिलेली सेवा ह्या करातून मुक्त ठेवलेली आहे. वर्षाला दहा हजार रुपये घेणारी शाळा आणि वर्षाला पाच लाख घेणारी शाळा, दोघींनाही ही सूट सारखीच आहे. शिकवणी-वर्गांची गोष्ट निराळी. त्यांच्या फीवर १८ टक्के कर आहे. म्हणजे तोच धडा शाळेत शिकविला तर कर नाही आणि संध्याकाळी शिकवणी-वर्गात शिकविला तर कर आहे, अशी आपली आजची रचना आहे.

एवढेच नव्हे, तर फी भरणाऱ्यास सरकार काही प्रमाणात मदतही करते. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्या पालकास दोन मुलांच्या शिकवणी-शुल्काची वजावट, इतर बचतींसह दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, मिळते. ही वजावट कोणाला मिळते, ह्याचा विचार करा. ज्याचे उत्पन्न आयकरास पात्र आहे, त्यालाच ती मिळते. आमगावच्या भात-गिरणीवर पोती उचलणारा हमाल आपल्या मुलीसाठी इंग्रजी शाळेची फी भरीत असेल, तर त्याला एक पैचीही सवलत नाही. त्याचे उत्पन्न आयकराइतके नसते. मग वजावट कशातून करावयाची? नोकरदाराच्या फीतील काही भाग अशा रीतीने सरकारी तिजोरीतून जातो आणि हमालाची संपूर्ण फी त्याच्या घामातून जाते.

आणखी एक बारकावा ध्यानात ठेवावा. फीवर कर नाही, ह्याचा अर्थ शाळेवर कर नाही, असा होत नाही. शाळा पंखे, संगणक, सिमेंट, बाके विकत घेते, त्या प्रत्येकावर ती कर देते. आणि फी करमुक्त असल्यामुळे व्यापाऱ्याप्रमाणे तो कर वळता करून घेण्याची सोय तिला नसते. तो कर मुकाट्याने फीत मिसळतो. आपल्या शाळेच्या अनुदानातून घेतलेल्या पंख्यावरही तो आहेच. त्यातल्या त्यात समाधानाची बाब अशी की, २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर व नकाशे ह्यांवरील कर पूर्णपणे उठविण्यात आला आहे. गरिबाच्या दप्तराला ह्या निर्णयाने जो दिलासा मिळाला, तो मोलाचा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शाळेसाठी पैसा कोणाकडून घ्यावा आणि तो कोणासाठी खर्च करावा, हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात नवा नाही. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी तो १८८२ सालीच सरकारपुढे मांडला होता. त्या वर्षी हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्याचे सूत्र असे होते की, सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या श्रमातून येतो. परंतु त्या महसुलातून उच्च शिक्षणावर जो खर्च होतो, त्याचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो आणि शेतकऱ्याचे पोर निरक्षर राहते. मुंबई इलाख्यात त्या काळी शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर घेतला जाई आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी असे. म्हणजे शिक्षणाच्या नावाने शेतकरी पट्टी देत होता. तरीही त्याच्या गावात शाळा नव्हती. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी जोतीरावांनी त्याच निवेदनात केली. आपला हा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. मध्य प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होता आणि येथे मालगुजारांचा अंमल होता. परंतु जोतीरावांनी विचारलेला प्रश्न येथेही तितकाच लागू होता.

पुढे १६ मार्च १९११ रोजी गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी मध्यवर्ती कायदे मंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. त्यात त्यांनी पैशाची बाजू टाळली नाही. सक्तीचे शिक्षण सुरू करणाऱ्या स्थानिक संस्थेस शिक्षणपट्टी बसविण्याचा अधिकार असावा. खर्चाचा दोन-तृतीयांश भार सरकारने उचलावा. आणि ज्या पालकाचे मासिक उत्पन्न दहा रुपयांहून अधिक नाही, त्याच्या मुलास फी पडू नये, अशी त्यांची योजना होती. मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते विधेयक फेटाळले गेले. त्यांचा पराभव झाला. पण त्यांनी घालून दिलेली मोजपट्टी अजून उपयोगाची आहे. कर घ्यावयाचा तर तो ऐपतीप्रमाणे घ्यावा, दहा रुपयांच्या पालकास त्यातून वगळावे, आणि कराचा पैसा त्याच मुलुखातील शाळेवर खर्च व्हावा, असे ती सांगते.

ही मोजपट्टी हातात घेऊन आजच्या सूचनेची परीक्षा करू या. समजा, आपल्या सरकारने शिकवणी-वर्गांप्रमाणे शाळांच्या फीवरही सरसकट १८ टक्के कर बसविला. मोठ्या शहरातील एखाद्या नामांकित शाळेची वार्षिक फी तीन लाख रुपये असेल, तर तिच्यावर ५४,००० रुपये कर होईल. तो पालक थोडा कुरकुरेल आणि भरील. तालुक्याच्या गावी वर्षाला २०,००० रुपये फी घेणारी एखादी लहान शाळा असेल, तर तिच्या पालकास ३,६०० रुपये जास्त द्यावे लागतील. हा पालक कोण आहे? तो रोवणीच्या हंगामात मजुरीस जाणारा आहे, पानटपरी चालविणारा आहे, गवंडीकाम करणारा आहे. त्याच्यापुढे दोनच वाटा उरतील. दोन मुलांपैकी एकाला शाळेतून काढावे लागेल. आणि ते मूल बहुधा मुलगी असेल, हे आपण सर्वजण जाणतो. किंवा मग कर्ज काढावे लागेल. ब्रिटनमधील खाजगी शाळा ही मूठभर धनिकांची शाळा आहे. आपल्याकडे 'खाजगी शाळा' ह्या एकाच नावाखाली राजवाडा आणि पत्र्याची पडवी, दोन्ही येतात. एकाच कराची कुऱ्हाड दोहोंवर चालविणे न्यायाचे होणार नाही.

ह्यावर कराचे समर्थक एक उत्तर देतील, आणि ते आपल्याला गोड वाटण्याजोगे आहे. ते म्हणतील, त्या मजुराने कर का भरावा? त्याने मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेत घालावे. तेथे फी नाही, पुस्तके मोफत, दुपारचे भोजन मोफत. पट वाढेल, शिक्षकांची पदे टिकतील. बंधूंनो, वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव २०२३ साली पुढे आला, तेव्हापासून लहान गावांतील शिक्षकाच्या मनात पटाची चिंता घर करून आहे, हे मला माहीत आहे. संचमान्यतेच्या वेळी एका-दोघा मुलांच्या कमीजास्तपणाने एखादे पद जाते. अशा वेळी, कराच्या धाकाने का होईना, चार मुले परत आली तर बरेच, असे वाटणे मनुष्यस्वभावाला धरून आहे. तथापि ह्या विचाराला आपण थारा देऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो. कराने हाकलून आणलेला विद्यार्थी आपल्या वर्गात बसेल. त्याच्या बापाचा विश्वास मात्र बाहेरच राहील. तो बाप शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला येणार नाही, मुलाच्या अभ्यासाची चौकशी करणार नाही, आणि चार पैसे हाती आले की पहिल्या संधीस मुलाला उचलून नेईल. शिक्षकाची नोकरी पटावर टिकत असेल. शाळा विश्वासावर टिकते.

ह्याच संदर्भात उत्तर प्रदेशातील एक निर्णय आठवतो. ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने असा आदेश दिला की, सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांत घालावीत. आणि जो खाजगी शाळेत घालील, त्याने त्या शाळेच्या फीइतकीच रक्कम दरमहा सरकारजमा करावी. पाहा, हाही एका अर्थी फीवरचा करच होता, आणि तोही शंभर टक्क्यांचा! फरक एवढाच की, तो सर्वांवर नव्हता. सरकारी शाळा सुधारणे ज्यांच्या हाती आहे आणि तरीही ज्यांची मुले तेथे नाहीत, त्यांच्यापुरता तो होता. तो आदेश प्रत्यक्षात उतरला नाही. सक्तीने तो उतरवावा, असे माझे मत नाही. आपल्या मुलाची शाळा निवडण्याचा अधिकार शिक्षकालाही आहे. परंतु न्यायालयाने ज्या ठिकाणी बोट ठेवले, ते ठिकाण दुखरे आहे, हे आपण नाकारू शकत नाही. गावकरी आपल्या भाषणापेक्षा आपल्या मुलाच्या दप्तराकडे पाहतात. गुरुजींचे मूल गुरुजींच्याच शाळेत बसलेले ज्या गावाने पाहिले, त्या गावाला शाळेची जाहिरात दाखवावी लागत नाही.

आता कराचे दुसरे टोक पाहू. पैसा घेतला कोणाकडून, ह्याइतकाच तो पोचला कोठे, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्या ह्या प्रदेशात मालगुजारीच्या काळचे तलाव आहेत. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव राहिले आणि आपण त्यांना मामा तलाव म्हणू लागलो. तलाव काठोकाठ भरला म्हणून कोणी शेतकरी निश्चिंत होत नाही. पाट फुटला असेल, मध्येच कोणी पाणी वळविले असेल, तर शेवटच्या बांधीतील धान उभे वाळते. तलाव भरल्याचा डांगोरा त्या बांधीच्या काय कामाचा? शिक्षणाच्या करांचेही असेच आहे.

२००४ साली केंद्र सरकारने आपल्या करांवर २ टक्के शिक्षण उपकर बसविला आणि त्याचा पैसा प्राथमिक शिक्षणाकडे जावा म्हणून प्रारंभिक शिक्षा कोष स्थापन केला. २००७ साली माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का उपकर आला. परंतु ह्या दुसऱ्या उपकरासाठी कोषच उभारला गेला नव्हता. दहा वर्षांत जमलेल्या ८० हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेसाठी स्वतंत्र निधी नसल्याचे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले, आणि २०१७ साली कुठे त्या कोषास मंजुरी मिळाली. २०१८ सालापासून आयकरावर आरोग्य व शिक्षण मिळून ४ टक्के उपकर घेतला जातो. त्यात आणखी एक मेख आहे. उपकराच्या उत्पन्नात राज्यांना वाटा देण्याचे बंधन घटनेने घातलेले नाही. आणि शाळा तर राज्ये व जिल्हा परिषदा चालवितात! आपल्या महाराष्ट्रातही १९६२ च्या कायद्यापासून शिक्षण उपकर आहे. शहरातील घरमालकाच्या कराच्या बिलात तो आजही दिसतो. म्हणजे शिक्षणाच्या नावाने कर घेण्यात आपण मुळीच मागे नाही. उणीव कर बसविण्यात नसून पाट दुरुस्त ठेवण्यात आहे. जुना पाट फुटका ठेवून नवा तलाव खोदण्याचा हा बेत असेल, तर शेवटच्या बांधीवाल्याने, म्हणजे आपण, त्याचे स्वागत करण्यापूर्वी हिशेब मागितला पाहिजे.

तर मग करावे काय? माझे मत थोडक्यात सांगतो.

सरसकट सर्व खाजगी शाळांच्या फीवर कर बसवू नये. त्याने लहान शाळेचा गरीब पालक चिरडला जाईल, आणि आपल्याला एकही खरा विद्यार्थी मिळणार नाही.

अत्यंत जास्त फी घेणाऱ्या शाळांचा प्रश्न वेगळा आहे. एखादी ठळक मर्यादा ठरवून तिच्या वरच्या फीवर कर घेतला, तर त्यात अन्याय आहे, असे मला वाटत नाही. चहा, साबण, चप्पल ह्यांवर मजूर कर भरतो. मग लाखांच्या फीला सूट असण्याचे कारण सांगणे कठीण आहे. परंतु त्यास दोन अटी असाव्यात. हा पैसा सामान्य तिजोरीत न मिसळता प्राथमिक शाळांच्या निधीत जावा. आणि कोणत्या जिल्ह्याला किती मिळाला, ह्याचा हिशेब दरवर्षी शाळेच्या फलकावर लागावा. ह्या अटी मान्य नसतील, तर हा कर आपल्या नावाने घेऊ नये.

आणि नव्या कराच्या आधी जुने कायदे पाळले जावेत. शिक्षण हा नफ्याचा धंदा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. २००२ साली त्याने शाळांना वाढीपुरती वाजवी शिल्लक ठेवण्यास मोकळीक दिली, पण नफेखोरी व देणगीची लूट निषिद्ध ठरविली. १९ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात त्याने म्हटले की, धर्मादाय म्हणून आयकरातून सूट हवी असेल, तर त्या संस्थेचा हेतू केवळ शिक्षण हाच असावा. आपल्या राज्यात देणगी घेण्यास मनाई करणारा कायदा १९८७ पासून आहे, आणि फी ठरविताना पालकांचे मत घेण्याचे बंधन घालणारा कायदा २०११ चा आहे. जी संस्था शिक्षणाच्या नावाने सूट घेते आणि दुकानाप्रमाणे नफा काढते, तिची सूट काढून घ्यावयास नव्या कराची वाट पाहण्याचे कारण नाही.

शेवटी एका गोष्टीविषयी बोलल्याशिवाय हे व्याख्यान पुरे होणार नाही, कारण तेथे आपल्या प्रामाणिकपणाची कसोटी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांच्या प्रवेशवर्गात निदान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवण्यास सांगितले. त्यांचा खर्च शासन देते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ही तरतूद वैध ठरविली. हा एक प्रकारचा करच समजा. तो पैशात घेतलेला नाही, जागांच्या रूपाने घेतलेला आहे, आणि तो पाटात न झिरपता थेट मुलापर्यंत पोचतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलला आणि एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेस ह्या जबाबदारीतून मुक्त केले. त्या वेळी अनेक शिक्षकांना आनंद झाला. आपली मुले आपल्याकडेच राहतील, असे वाटले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

ह्या जागांची माहिती खेड्यातील मजुराला कोण देणार? खाजगी शाळा उत्साहाने देईल, अशी अपेक्षा नाही. ती देऊ शकणारा गावातील सुशिक्षित माणूस म्हणजे आपणच. माहिती दिली, तर आपल्या पहिलीच्या पटातील एक मूल कमी होईल. न दिली, तर कोणाला कळणारही नाही. माझे सांगणे असे की, ती अवश्य द्यावी. अर्जाची तारीख, लागणारे दाखले, सगळे फलकावर लिहावे. हक्क मुलाचा आहे. तो आपल्या पटासाठी दडवून ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि ज्या गुरुजींनी बापाला बाहेरच्या शाळेची वाट प्रामाणिकपणे दाखविली, त्याच गुरुजींनी आपल्या शाळेबद्दल 'येथेही मूल चांगले शिकेल' असे सांगितले, तर त्या शब्दाला गावात वजन येते.

ते वजन कमावण्यासाठी आपल्याजवळ साधने नाहीत, असे नाही. आपल्या तालुक्यातील मुलाच्या घरी पोवारी असते, गोंडी असते, छत्तीसगढी वा हिंदी असते. त्या भाषेतून मराठीकडे आणि मराठीतून इंग्रजीकडे हात धरून नेणारा शिक्षक आपल्याच शाळेत असू शकतो. तिसरीचे मूल अडखळता वाचते आणि बाजारातील हिशेब बिनचूक सांगते, हे बापाने एकदा डोळ्यांनी पाहिले, तर फी आणि तिच्यावरचा कर, हे दोन्ही प्रश्न त्याच्यापुरते मिटतात. त्यासाठी वर्षातून दोन वेळा पालकांना वर्गात बसवावे, मुलांना त्यांच्यासमोर वाचावयास लावावे, आणि जे मूल मागे आहे, ते मागे आहे असे स्पष्ट सांगावे. पालक शिक्षकाच्या अपयशाला क्षमा करतो. झाकाझाकीला करीत नाही.

खाजगी शाळेला दिलेली फी म्हणजे गरीब माणसाने स्वतःवर बसवून घेतलेला कर होय. सरकारने तो बसविला नाही; आपल्या शाळांवरचा विश्वास उडाल्यामुळे त्याने तो आपण होऊन पत्करला. त्या करावर आणखी एक कर लादावा की नाही, ह्याचा निर्णय दिल्लीत वा मुंबईत व्हावयाचा तेव्हा होईल, आणि तेथे आपले मत निर्भयपणे कळविणे हेही आपले कर्तव्यच आहे. परंतु तो मूळचा कर माफ करण्याचा अधिकार कोणत्याही अर्थमंत्र्याजवळ नाही. तो ह्या सभागृहात बसलेल्यांजवळ आहे. येत्या पटनोंदणीच्या वेळी आपण प्रत्येकाने आपल्या गावातील निदान एका घराचा तो कर माफ करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.